दुसऱ्यांदा पास

सकाळी सव्वासातला माझ्या डाव्या हातातून कॉफीचा पेला सुटला. एवढंच झालं. स्टीलचा पेला, अर्धा भरलेला. ओट्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत नेताना वाटेत कुठेतरी हाताला तो कळेनासा झाला. गरम कळेना, जड कळेना. बोटं मला दिसत होती, पेल्याभोवती नीट वळलेली होती, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी होती आणि त्यानं ती उघडली. पेला पडला आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिला. आवाज बराच वेळ चालला असावा, कारण तो थांबला तेव्हा हात पुन्हा माझा झाला होता. मी वाकलो, त्याच हातानं पेला उचलला, घट्ट धरला, वर केला, खाली केला. नळाखाली काठोकाठ भरला आणि दारापर्यंत नेऊन परत आणला. थेंब सांडला नाही. पेला ओला होता, मी स्वतःला म्हणालो. माझी बायको सुखदा आंघोळीला गेली होती, तिला काही कळलं नसावं. मी कॉफी पुसली, फडकं धुऊन वाळत टाकलं आणि ऑफिसला निघालो.

सर्जापूर रोडवर कंपनीची बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खिडकीशी बसून मी डाव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला टेकवत होतो. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, आणि परत. वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर आलं. मग मला जरा हसू आलं, कारण माझा धंदाच हा आहे. गेली अकरा वर्षं मी मेमरीच्या चिपा तपासतो. म्हणजे चिपांना मी हात लावत नाही. कारखाना समुद्रापलीकडे आहे, तो मी दोनदाच पाहिला आहे आणि तोही काचेच्या बाहेरून. आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात येतात ते आकडे. पूर्वी चिप एकटी असायची. आता एकावर एक बारा रचतात, मनोऱ्यासारख्या, कारण मोठ्या यंत्रांना तेवढी भूक लागलेली आहे. प्रत्येक चिप घासून घासून केसाच्या निम्म्या जाडीची करायची, तिच्यात हजारो उभी भोकं पाडून त्यांत तांबं भरायचं, आणि मग बाराही अशा बसवायच्या की वरचं भोक खालच्या भोकावर नेमकं यावं. एवढी पातळ झाली की चिप उन्हातल्या पापडासारखी कडेनं वाकू पाहते. कुठे वाकली, कुठे सांध्यात पोकळी राहिली, कुठे काय झालं, हे बाहेरून दिसत नाही. आणि बारांपैकी एक मजला बिघडला तर तेवढा एकच काढता येत नाही. सगळा मनोरा फेकायचा. म्हणून रचण्याआधी प्रत्येक चिप तपासायची, आणि त्या तपासणीचे नियम लिहिणारा माणूस मी.

दहाच्या बैठकीत आम्ही तिघंच होतो. माझा वरिष्ठ शिवकुमार, मी आणि मैत्रेयी. शिवकुमार खानापूरचा, माझ्या निपाणीपासून फार लांबचा नव्हे, त्यामुळे चारचौघांत इंग्रजी बोलणारा हा माणूस दार लोटलं की गावच्या मराठीवर येतो. मैत्रेयी नागपूरची, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, आणि अजून सगळं वाचून काढण्याच्या वयाची. गिऱ्हाइकाकडून सात मनोरे परत आले होते. महिना-दोन महिने चालले आणि मग मधेच आकडे विसरायला लागले, अशी तक्रार. मजा अशी की आमच्या लोकांनी ते पुन्हा तपासले तर सातांतले तीन पास झाले. म्हणजे बिघाड होता की नव्हता, इथूनच गोंधळ. मैत्रेयीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सर, मला एक डाउट आहे. ह्या चिपा पहिल्यांदा फेल झाल्या न. मग सुया पुसून परत लावल्या, पास झाल्या. मग तो पहिला रिझल्ट जातो कुठे?"

"त्याच्यावर दुसरा लिहिला जातो," मी म्हणालो.

"म्हणजे पहिला पुसतो आपण."

"पुसत नाही. धरत नाही."

"मी जुन्या फाइल्स उघडल्या सर. सातही मनोऱ्यांमध्ये एक तरी मजला असा आहे. दुसऱ्यांदा पास झालेला."

शिवकुमारनं माझ्याकडे पाहिलं. चिप तपासताना तिच्यावर केसासारख्या बारीक सुया टेकवतात. सुईला कचरा लागला की चांगली चिपही नापास होते. म्हणून नापास झाली की सुया पुसायच्या आणि पुन्हा टेकवायच्या. दुसऱ्यांदा पास झाली, तर चिप चांगली, दोष सुईचा. हा नियम चार वर्षांपूर्वी मी लिहिला. त्यासाठी मला काचेचा एक ठोकळा मिळाला होता, तो अजून टेबलावर कागद दाबायला आहे. मी मैत्रेयीला म्हटलं, शंभरातल्या आठ चिपा दुसऱ्यांदा पास होतात. बारा मजल्यांचा मनोरा म्हटला की शंभरांतल्या साठ-पासष्ट मनोऱ्यांमध्ये असा एखादा मजला सापडणारच. चांगल्या मनोऱ्यांमध्येही सापडेल. मग सातांपैकी सात हे काय सिद्ध करतं?

"काहीतरी करतं न सर," ती म्हणाली. "पण किती, ते मला नाही कळत."

मलाही कळत नव्हतं. मी तसं म्हणालो नाही. शिवकुमार खुर्ची मागे सारत म्हणाला, "हे बघ योगी, चारला कारखान्यातली माणसं वाट बघतात. पुढचा लॉट तयार आहे. त्यातल्या ह्या दुसऱ्यांदावाल्या चिपा रचायला घ्यायच्या का बाजूला काढायच्या, एवढंच सांग. रचल्या की रचल्या, मग काढता येत नाहीत. आणि बाजूला काढल्या तर शंभरात आठ चांगल्या चिपा फेकल्या म्हणून वरचे आपल्याला सोलतील. स्वल्प विचार कर की." मी मान डोलावली. टेबलाखाली माझा डावा हात अंगठ्याला बोटं टेकवत होता. किती वेळ टेकवत होता कोण जाणे.

जेवायच्या वेळी डबा उघडला आणि तो तसाच समोर ठेवून मी चामराजपेटमध्ये गेलो, म्हणजे मनानं. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, दुकान तिथे होतं, मार्केटच्या अंगाला, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं. मल्लाप्पा तराजूवाले म्हणून त्यांना सगळे ओळखत. निपाणीहून आलेला माणूस, कानडीत भाव करायचा, मराठीत वैतागायचा. मार्केटातले निम्मे तराजू त्यांच्या हाताखालून गेले असतील. वर्षातून एकदा सरकारी माणूस शिक्का मारायला यायचा. तो पितळी वजन पारड्यात ठेवायचा आणि काटा जरा बाजूला राहायचा. अप्पा हसायचे, पारड्याच्या दांडीला दोन बोटांनी थोपटायचे, पोराला थोपटावं तसं, आणि म्हणायचे, "रुसलाय. थोपटला की सरी होतोय. परत ठेवा." माणूस वजन परत ठेवायचा आणि काटा मधोमध यायचा, सरी, म्हणजे बरोबर. मी दुकानात अभ्यास करत बसलेला असायचो, मला ती जादू वाटायची. एकदा विचारलं, अप्पा, मग आधी चुकलेलं ते काय? तेव्हा ते म्हणाले होते, पहिलं वजन तराजूचं, दुसरं वजन मालाचं. हे वाक्य मी आयुष्यभर बाळगलं. कॉलेजात बाळगलं, नोकरीत बाळगलं. चार वर्षांपूर्वी जेव्हा सुया पुसून परत टेकवण्याचा नियम लिहिला, तेव्हा त्याला इंग्रजी कपडे चढवले एवढंच, आतलं सगळं अप्पांचं होतं. आणि ते खोटं नव्हतं. तराजूत खरंच धूळ बसते. सुईला खरंच कचरा लागतो. अप्पांनी मापात कधी कुणाला फसवलं नाही, ह्याची मी शपथ घेईन. मग दुपारच्या त्या बाराच्या उन्हात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, त्यांच्या तोंडातून आकडा का आला नाही? ते वजनं मोजून देत होते. ओंदु, एरडु, आणि पुढे काही येईना. तोंड उघडं, नजर माझ्याकडे. मूरु, म्हणजे तीन, हा शब्द त्यांनी लाख वेळा उच्चारला असेल. गिऱ्हाईक म्हणालं, "स्वल्प कूतकोळ्ळी अण्णा," आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मी पाणी दिलं. घोटभर प्याले आणि लगेच म्हणाले, मूरु, नाल्कु, ऐदु. दहापर्यंत म्हणून दाखवलं. मग मराठीत उलटं म्हणून दाखवलं, दहा, नऊ, आठ. "बघ," मला म्हणाले, "झालं की नाही सरी? ऊन लागलं." आम्ही दोघं हसलो. मी घरी कुणाला सांगितलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पाच आठवड्यांनी उजवं अंग लुळं पडलं आणि पुढची दोन वर्षं ते एकही आकडा बोलले नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आता त्रेचाळीसचा आहे, आणि आज सकाळपर्यंत मी त्या दुपारचा संबंध कशाशी लावला नव्हता. किंवा लावला होता आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी लिहिलं होतं.

मला भीती वाटली. डब्यातली पोळी मी डाव्या हातानं धरून पाहिली. धरता आली. चमचा धरता आला, मोबाईल धरता आला, काचेचा तो ठोकळा उचलून डोक्याच्या वर धरता आला. पलीकडच्या टेबलावरून मैत्रेयी पाहत होती. तिला वाटलं असेल, सरांना व्यायामाचं खूळ लागलंय. प्रत्येक वेळी हात पास होत होता आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटण्याऐवजी थोडं कमी बरं वाटत होतं. डॉक्टरकडे जावं, असं एकदा मनात आलं. पण जाऊन सांगणार काय? पेला पडला? दवाखान्यात बसल्यावर हात ठणठणीत चालणार, डॉक्टर दोन बोटं देऊन म्हणणार, दाबा, मी दाबणार, तो म्हणणार, छान. सातांतल्या तीन मनोऱ्यांचं तेच झालं होतं. ते तीन खरंच चांगले होते की तपासणाऱ्याला पाहून नीट वागत होते, हे अजून कुणाला कळलेलं नाही. आणि पेला ओला असेलही. खरोखरच असेल. सुखदा पेले विसळून पालथे घालते, पुसत नाही, ह्यावरून आमची भांडणंही झालेली आहेत.

अडीचच्या सुमारास मैत्रेयी नवे आकडे घेऊन आली. दुसऱ्यांदा पास झालेल्या चिपांपैकी काही, वेगळ्याच कारणासाठी, कुणीतरी पुढे तिसऱ्यांदा तपासल्या होत्या. तिनं त्या शोधून काढल्या होत्या. शंभरांत ब्याण्णव पास, आठ नापास.

"पुन्हा आठच," मी म्हणालो.

"हो सर. नव्या कोऱ्या चिपा पहिल्यांदा लावल्या तरी आठच नापास होतात. म्हणजे ह्या बाकीच्यांसारख्याच आहेत. किंवा सगळ्याच ह्यांच्यासारख्या आहेत. सर, मी सकाळपासून हेच करतेय, माझं डोकं फिरलंय."

तिला मी म्हणालो, तू कॉफी पिऊन ये. ती गेल्यावर मी त्या आठाकडे पाहत राहिलो. हा आकडा माझ्या बाजूनं होता. माझा नियम बरोबर होता असं म्हणायला एवढा पुरावा पुष्कळ झाला असता, एरवी मी त्याच्यावर उडीच मारली असती. पण माझं लक्ष हाताकडे होतं. सकाळपासून मी तो किती वेळा तपासला असेन? बसमध्ये वीस वेळा, मग बैठकीत, जेवताना, आकडे पाहताना. दोनशे वेळा तरी. दोनशेच्या दोनशे पास. कुठल्याही चिपेला एवढ्या तपासण्या मिळत नाहीत. आणि दोनशे वेळा पास होऊनही सकाळी पेला पडलेलाच होता. फरशीवर कॉफी सांडलेलीच होती, ती मी पुसली होती. पुढची दोनशे किंवा दोन हजार बरोबर उत्तरं आली तरी ती एक गोष्ट मागे जाऊन झालेली नाही असं होणार नव्हतं. माल तपासायचा म्हणून आपण परत वजन करतो, की पहिलं वजन आवडलं नाही म्हणून? अप्पांनी ह्याचं काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही. त्यांना विचारायची वेळ आली तेव्हा ते बोलत नव्हते.

पावणेचारला मी शिवकुमारच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, पहिल्यांदा नापास झालेली एकही चिप मनोऱ्यात घालू नका, सगळ्या बाजूला काढा, आणि यापुढे पहिला निकाल पुसायचा नाही.

"नियम तुझाच की रे," तो म्हणाला.

"म्हणून तर मी सांगतोय. पत्रात तसं लिही. नियम माझा होता."

"ते लिहितो. पण कारण काय लिहू? ती पोरगी काढून बसलीय त्या आकड्यांवरून तर काहीच ठरत नाही. उलट तुझा नियम बरा दिसतोय."

"मग कारण माहीत नाही असं लिही."

शिवकुमार हसला नाही. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "योगी, तब्येत बरी आहे नव्हं तुझी? सकाळपासून बघतोय, हात चोळतोस सारखा."

"बरी आहे," मी म्हणालो. तोंडातून ते इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. आत्ता, ह्याच खोलीत, मी पहिला निकाल पुसायचा नाही म्हणून सांगितलं होतं आणि दुसऱ्याच वाक्यात पुसला होता. शिवकुमार "सरी" म्हणाला आणि पत्र लिहायला वळला. बाहेर आलो तर मैत्रेयी उभी. मी काय ठरवलं ते तिला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पण सर, त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतील न." असतील, मी म्हणालो. आणि मला खरंच कळेना, की मी हे त्या चिपांसाठी केलं की एका पेल्यासाठी. शंभरात आठ चांगल्या चिपा मी माझ्या भीतीपायी फेकल्या असतील, तर तेही चूकच. बसची वाट न पाहता मी रिक्षा केली. रिक्षावाल्यानं कुठे म्हणून विचारलं, तर घरचा पत्ता सांगण्याआधी मी क्षणभर थांबलो, शब्द येतो की नाही ते पाहायला. आला.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाल्कनीत ऊन होतं आणि सकाळचं फडकं दोरीवर कडक वाळलेलं होतं. सुखदा घरूनच काम करते. कानातला हेडफोन काढून ती बाहेर आली, म्हणाली, "अरे, आज एवढ्या लवकर?" मी बूट न काढता खुर्चीवर बसलो. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं. घाबरवायचं नाही, हलकेच सांगायचं. ते सगळं विसरून मी म्हणालो, "सकाळी माझ्या हातातून पेला पडला. डाव्या. हात थोडा वेळ कळतच नव्हता मला. मग ठीक झाला. दिवसभर ठीक आहे. पण पडला."

ती समोरच्या खुर्चीवर येऊन बसली आणि माझा डावा हात उलटा करून पाहायला लागली, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं असावं.

"पेला ओला असेल," मी म्हणालो.

"मंगळवारी पण तू हेच म्हणालास."

"मंगळवारी?"

"मंगळवारी सकाळी. इथेच, दाराशी. मी ओट्यापाशी होते, माझ्यासमोर पडला. मी विचारलं, काय रे झालं, तर म्हणालास, पेला ओला होता. मग तोच पेला भरून दारापर्यंत चालत जाऊन आलास. म्हणालास, बघ, ठीक आहे. मी पण म्हटलं, ठीक आहे. दोन दिवस मी स्वतःला तेच सांगतेय. आणि पेले पुसून ठेवतेय. आज सकाळचा तुझा पेला मी रात्रीच पुसून ठेवला होता, योगी. कोरडा होता तो."

मी मंगळवार शोधला. सोमवार सापडला, पाहुणे आले होते. बुधवार सापडला, बसमध्ये उभं राहावं लागलं होतं. मधे मंगळवार होता, ऑफिस होतं, जेवण होतं, पण सकाळ नव्हती. मग फरशीवर गोल फिरणारा पेला दिसला. तो मंगळवारचा होता की आजचा, की सुखदानं सांगितल्यावर मी आत्ता तयार केलेला, हे मला कळेना. मी आज सकाळपासून ज्याला पहिलं म्हणत होतो, ज्याच्या बळावर दुपारी एवढा मोठा निर्णय घेऊन आलो, ते पहिलं नव्हतंच. त्याच्याही आधी कदाचित आणखी असतील, ज्यांना सुखदाही साक्षीदार नव्हती.

ती उठली. दवाखान्यात फोन करून आत्ताच येतो म्हणाली, आत जाऊन माझी जुनी कागदपत्रं घेऊन आली. खुंटीवरून गाडीची किल्ली काढली. सवयीनं मी किल्लीसाठी हात पुढे केला, डावाच आला पुढे. तिनं किल्ली दिली नाही. हात मात्र धरला, चांगला घट्ट, आणि तो मला पूर्ण कळत होता, तिची अंगठी, तिचा घाम, सगळं.

"तिथे ते विचारतील, पहिल्यांदा कधी झालं," लिफ्टचं बटण दाबत सुखदा म्हणाली. "तू काही बोलू नकोस. मी सांगते."